दादाचा एडिटर

वेबसाइटचा कोड कशात लिहायचा यावरून भावाबहिणीचं वर्षभर भांडण चालू शकतं, हे सांगितलं की लोक हसतात. हसा. आमच्या वाडीत बांधावरून भांडणं झाली, पाण्यावरून झाली, शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारात यावरून तर डोकी फुटली. एडिटरवरून भांडणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा थोरला भाऊ. आता कुणी तो विषय काढला तर मी उठून चहा ठेवायला जाते. पण एकदा सगळं सांगून टाकावं असं बरेच दिवस मनात आहे, म्हणून बसलेय.

दोन हजार सालाच्या पुढेमागची गोष्ट. महाडला एसटी स्टँडच्या मागे एका शिंप्याच्या दुकानावर आमची भाड्याची खोली होती. पुढे कॉम्प्युटर, मध्ये पडदा, मागे स्टोव्ह आणि दोन वळकट्या. खाली त्याच्या शेजारचा गाळाही मिळत होता, पण सावित्रीचा पूर ज्याने एकदा पाहिलाय तो तळमजल्यावर कॉम्प्युटर मांडायचा नाही. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. आई वर डोंगरात, पोलादपूरच्या पलीकडे कापडे गावावरून चढून जावं लागतं त्या वाडीत, शेळ्या आणि थोडी नाचणी सांभाळून.

दादा त्याआधी औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता. वाडीतला कंपनीत लागलेला पहिला पोरगा, त्यामुळे आईची मान ताठ. ती नोकरी त्याने एक दिवस सोडली. आईला सांगितलं, केमिकलचा वास सोसत नाही, छाती भरते. आई म्हणाली, "जीव हाय तर नोकऱ्या छप्पन." मी तेव्हा वेबसाइट बनवायचा कोर्स करून रिकामी बसले होते. दादाने फंड काढून कॉम्प्युटर घेतला, चांगला जाडजूड मॉनिटरवाला, आणि मला म्हणाला, "बाय, तू मला शिकव. दोघं मिळून करू कायतरी."

शिकायला तो भारी. जे शिकायला मला कोर्सला सहा महिने लागले ते त्याने दोन पावसाळी महिन्यांत गिळलं. त्या काळात रायगड बघायला येणाऱ्या पुण्यामुंबईच्या लोकांना इंटरनेटवर शोधायची सवय लागायला लागली होती. हिरकणीवाडीतले खानावळवाले, कुणी लॉजवाला, एक मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ, अशी कामं यायला लागली. मोठी नव्हती, पण पोट चालत होतं. आणि दादा खुशीत असायचा. एवढा खुशीत मी त्याला कंपनीत असताना कधी पाहिला नव्हता.

भांडण एडिटरवरून. एडिटर म्हणजे कोड लिहायची पाटी, दुसरं काही नाही. मला कोर्समध्ये शिकवला होता तो एक बडा एडिटर होता. त्यात पान जसं दिसणार तसंच समोर मांडायचं, चित्र माऊसने उचलून हवं तिथं ठेवायचं, कोड तो आपला आपण लिहितो. दादाने तो एक दिवस वापरला आणि म्हणाला, नको. बरं, नको तर नको. मग मी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून एक रंगीत एडिटर टाकला. त्यात टॅग, म्हणजे कंसातल्या उघडायच्या-बंद करायच्या खुणा, निळे दिसतात, मजकूर काळा, चुकलं की लाल. चूक शोधायला दिवा घेऊन फिरावं लागत नाही. माझा जीव होता त्या एडिटरवर. दादा म्हणाला, हाही नको.

त्याला काय आवडलं असेल? विंडोजच्या पोटात तेव्हा जुना डॉस असायचा. तिथे एडिट असं टाइप केलं की मॉनिटरचा अख्खा पडदा गडद निळा व्हायचा आणि त्यावर जाडी पांढरी अक्षरं. बस. ना रंग, ना चित्र, ना काही.

"दादा, काय रे हे! तालुका कचेरीतल्या कारकुनागत."

"मस्त हाय. डोकं थंड राहतं."

"आणि टॅग बंद करायचा राहिला तर कळणार कसं?"

"मला कळतं."

"माऊस तरी चालव. हात लावायला लाज वाटते का?"

"दोन हातांनी काम होतंय तर तिसरं लोढणं कशाला, गो?"

आडमुठा. मी त्याला रोज आडमुठा म्हणायचे. दुपारपर्यंत मी काम करायचे, जेवण झालं की तो बसायचा, आणि फायली दोघांच्या त्याच. इथे दुसरं दुखणं सुरू झालं. कोड लिहिताना एकाच्या पोटात एक असलेल्या गोष्टी थोड्या थोड्या आत सरकवून लिहितात. डोंगरउतारावर शेताच्या पायऱ्या काढतात ना, तशा पायऱ्या दिसायला हव्यात. मी सकाळभर त्या पायऱ्या नीट काढायचे. दादा बसला की सगळ्या मोडायचा. एकूण एक ओळ डावीकडच्या कडेला नेऊन चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी उघडलं की सगळा कोड भिंतीला पाठ लावून बसलेला.

पान तसंच दिसतं, ब्राउझरला पायऱ्या असल्या काय नि नसल्या काय. पण मला वाचायला त्रास व्हायचा, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणायचे, "कोणी शिकवलं तुला असलं? मीच ना? मी असं शिकवलं?" तो हसायचा. "उजवीकडे लांब गेलं की शोधायला लागतं," एवढंच म्हणायचा. पडदा तो केवढा, हातभर नाही, आणि याला म्हणे शोधायला लागतं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणून मी पुन्हा पायऱ्या काढायला बसायचे.

बाकीही होतं. दिवेलागणीनंतर तो खोलीबाहेर पडायचा नाही. भाजी आणायला मी, रॉकेलला मी, एसटीवर आलेलं आईचं पुडकं आणायला मी. खोलीत एक स्टूल होतं, त्याला तो दिवसातून एकदा तरी धडकायचाच. "डोळे काय गहाण टाकलेस?" मी म्हणायचे. तो म्हणायचा, "व्हय, सोडवायला तू जा." असं आमचं चालायचं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. घरच्या माणसाकडे आपण नीट बघत नाही हेच खरं.

मग तो हिरकणीवाडीचा खानावळवाला आला. रोपवेच्या जवळ त्याची खानावळ, वर दोन खोल्या पाहुण्यांसाठी. त्याचं पान आम्ही करून दिलं होतं, पण टेलिफोनचा नंबर बदलला होता आणि फोटोखाली भाकरीऐवजी चपाती लिहिलंय म्हणून तक्रार होती. दुपारची वेळ, दादा कॉम्प्युटरवर, खानावळवाला बाजूला त्या स्टुलावर. मी पडद्याच्या मागे चहा टाकत होते, पडदा अर्धा सरकवलेला.

"ह्यो बघा, ह्यो नंबर जुना हाय," खानावळवाल्याने मॉनिटरच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

दादा मधोमधच बघत राहिला. "कुठला? तोंडानं सांगा की."

"आता तोंडानं काय सांगू? बोट ठेवलंय न्हवं!" त्याने काचेवर टकटक केलं.

दादाची मान हलली. आधी डावीकडे गेली. मग खाली. कोंबडी दाणा शोधते तशी मान थोडी थोडी, झटके देत फिरत होती, आणि ते बोट तिथेच होतं, जाडजूड, काळी अंगठी घातलेलं, पडद्याच्या कोपऱ्यात. आवाजाच्या अंदाजाने त्याची नजर वर आली तोवर खानावळवाल्याने बोट काढून घेतलं होतं.

"काय सायेब, काल जास्त झाली का काय?" तो हसला. माणूस वाईट नव्हता, गंमत म्हणून बोलला.

मी चहा तसाच ठेवून पुढे आले, दादाला म्हटलं, तू सर, मला लिहू दे. नंबर बदलला, चपातीची भाकरी केली. खानावळवाल्याने चहा घेतला, गडावर या एकदा म्हणाला, गेला. जिन्यावरून त्याच्या चपला वाजत खाली गेल्या.

"दादा, तुला बोट दिसलं नाय."

"दिसलं."

"खोटं नको बोलू." मी त्याच्या कानाच्या बाजूला, थोडा पुढे, हात धरला. माझा हात कुणालाही दिसला असता. "सांग, माझा हात कुठंय?"

"तुझ्या खांद्याला," तो म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. त्याने चाचपून मॉनिटरचं बटण दाबलं, तो बंद केला, आणि मला पहिल्यापासून सांगायला लागला.

आमच्या वाडीत पोराला रातांधळं झालं की एकच औषध. बकरं कापायचं, त्याची कलेजी निखाऱ्यावर भाजायची, आणि दिवस मावळायच्या टायमाला बिनमिठाची पोराला खायला घालायची. मग त्याला खळ्यात उभं करून विचारायचं, दिसतं का रे? कित्येक पोरांना त्याने खरंच दिसायला लागतं. डॉक्टरही पुढे म्हणाले की कलेजीत तो गुण आहे. त्यामुळे सगळ्यांचा त्यावर भरवसा. दादा सहा-सात वर्षांचा असेल. शेळ्या घेऊन परत येताना अंधारलं की पुढच्या शेळीचं शेपूट धरून चालायचा, ते कुणीतरी आईला सांगितलं. आईने बोकड कापला. दादाने कलेजी खाल्ली. दिसलं नाही. मग आईने एक शेळी कापली, दादाच्या अंथरुणात झोपणारी, त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिची कलेजी त्याने रडत रडत खाल्ली. पुन्हा आईने खळ्यात नेलं. चार बाया जमल्या होत्या.

"आई म्हनली, दिसतं का रे? काळं कुट्ट होतं, बाय. आईचं तोंड पण दिसत नव्हतं. पण मागनं काकी म्हनली, नसंल दिसत तर उद्या ती तांबडी कापू. तांबडी गाभण होती. मी म्हटलं, दिसतं. चांदण्या पण दिसतात म्हटलं."

वाडीत आजही सांगतात, कलेजीने पोर बरं झालं म्हणून. आणि पोराने त्यानंतर तोंड उघडलं नाही. झाकली मूठ. शाळेत पुढच्या बाकावर बसला, अंधार पडायच्या आत घरी आला, पायवाटा पायांनी पाठ केल्या. कंपनीत मात्र पाठांतर पुरलं नाही. रात्रपाळीला पाइपांच्या जंगलातून चालायचं, एकदा कपाळ फुटलं, एकदा भलत्याच शिडीवर चढला. मोटरसायकलवरून येताना समोरून ट्रकचा दिवा आला की सगळं पांढरं. "माझ्या हातनं कुणाचा जीव गेला असता," तो म्हणाला. छातीबितीचं काही नव्हतं. वासाचं काही नव्हतं.

मला त्याचा भयंकर राग आला. आणि आईचा, काकीचा, त्या मेल्या चार बायांचाही. कुणाला काय बोलणार? प्रत्येकाने चांगलंच करायला घेतलं होतं.

महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, समजावून बोलल्या. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने वाळत चाललाय. जन्माचंच आहे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं जातं, मधलं राहतं. औषध नाही, ऑपरेशन नाही. मधलं किती दिवस राहील? "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "काहींचं म्हातारपणापर्यंत राहतं. काहींचं नाही राहत."

परतीच्या एसटीत दादा खिडकीशी बसला होता. माणगाव गेल्यावर बोलला. "मधलं राहिलं तर बास हाय, बाय. कोड मी मधनंच वाचतो. एवढं काम राहिलं ना हाताला, मग काय नको मला." आणि थोड्या वेळाने, "आईला नाय सांगायचं."

मी हो म्हटलं. तेवढंच तर मागत होता.

आता निळा पडदा कळला. पांढऱ्या पडद्याची तिरीप त्याच्या डोळ्यांत जायची, निळ्यावर ती नव्हती. माऊसचा बाण त्याला सापडायचाच नाही, म्हणून माऊस नको. पायऱ्या मोडायच्या कारण उजवीकडे गेलेली ओळ त्याच्यापुरती पडद्यावरून पडून गेलेली. वर्षभर मी त्याच्याशी ज्या ज्या गोष्टीवरून भांडले ती एकेक गोष्ट घेऊन बसले आणि मुसमुसत राहिले. दादा म्हणाला, "रडतेस काय? चांगला एडिटर बघ माझ्यासाठी. डॉसची अक्षरं याच्यापेक्षा मोठी होत नाय."

मग खरं एडिटर शोधणं सुरू झालं. मासिकांच्या सीड्या जमवल्या, बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून आणल्या, त्याच्याकडे इंटरनेटवरून उतरवून घेतल्या. तो म्हणायचा, "ताई, एडिटर बघताय का स्थळ?" स्थळासारखंच होतं. एकात अक्षर पाहिजे तेवढं मोठं व्हायचं, पण कर्सर केसाएवढा. एकात काळ्यावर पिवळं मिळालं, पण निवडलेला शब्द दिसेनासा व्हायचा. एक सगळ्यात चांगला, तर तो महिन्याभरात पैसे मागून बंद पडला. एकात माऊसशिवाय पान हलेना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दादा प्रत्येकाला नाव ठेवायचा, आणि आम्ही त्या दिवसांत हसलोही पुष्कळ. हसलो म्हणून आता जास्त लागतं.

शेवटी एक छोटासा, फुकटचा, फारसं कुणी नाव न ऐकलेला एडिटर मिळाला. काळी जमीन, पिवळी अक्षरं, बोटाएवढा जाड कर्सर, आणि सगळं कीबोर्डवर. त्याची खिडकी, म्हणजे पडद्यावरची लिहायची चौकट, लहान-मोठी करता यायची आणि जशी ठेवू तशी दुसऱ्या दिवशी उघडायची. दादाने ती दोन्ही बाजूंनी आत ओढली, पडद्याच्या मधोमध आणली. ओळ खिडकीच्या कडेला पोचली की खाली वळायची, त्यामुळे सगळा कोड मधल्या एका पट्ट्यात. डोळे इकडेतिकडे न्यायला नको. "आता बघ," तो म्हणाला, आणि हिरकणीवाडीचं पान त्याने बसल्या बैठकीला नवं करून टाकलं.

मी माझा रंगीत एडिटर काढून टाकला. दोन-दोन कशाला? मीही त्याच पट्ट्यात लिहायला शिकले, ओळी छोट्या, डावीकडे चिकटवलेल्या. माझ्या पायऱ्या गेल्या. जाऊ देत. दादा त्या दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं काम करायचा, हे मी तेव्हाही सांगायचे आणि आजही सांगते. लाइट गेली की तेवढा थांबायचा, आली की पुन्हा बसायचा.

त्याच्या डोळ्यांचं त्याने मला पुन्हा कधी काही सांगितलं नाही. विचारलं की, "हाय तसंच हाय." पण सकाळी मी कॉम्प्युटर लावून एडिटर उघडला की खिडकी त्याने आदल्या दिवशी जेवढी ठेवली तेवढीच उघडायची. पहिल्यांदा ती फुटपट्टीएवढी रुंद होती. वर्ष गेलं असेल, एके सकाळी पाहिलं तर दोन्हीकडून थोडी आत आलेली. नंतर पोस्टकार्डाएवढी झाली. मी कुणालाही न सांगता पुन्हा हॉस्पिटलात फोन केला, तर त्यांनी तेच सांगितलं. मग तर माझी सवयच झाली. तोंड धुवायच्या आधी मॉनिटर लावायचा आणि खिडकी बघायची. आहे तेवढीच असली की देवाला हात जोडायचे. आत आलेली असली की चहा गोड लागायचा नाही.

मध्ये एक बोलणारं सॉफ्टवेअर आणून बघितलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं. ते साहेबी इंग्रजीत एकेक कंस, एकेक टिंब मोठ्याने वाचत सुटायचं. दादाने दोन दिवस ऐकलं. म्हणाला, "ह्याच्यापेक्षा आपली काकी बरी, मधी श्वास तरी घेती." परत त्याला हात लावला नाही. मी फार मागे लागले नाही. मागे लागणं म्हणजे खिडकीचं मला माहीत आहे हे कबूल करणं.

गणपतीत आम्ही वर घरी गेलो होतो. भर दुपारी, लख्ख उन्हात, दादा आमच्या स्वतःच्या घराच्या पायरीवरून पडला. लहानपणापासून उतरतोय ती पायरी. आईने त्याला उठवलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेली. पुढच्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरकडे स्टीलचा डबा आला. कलेजी. दादाने डबा उघडायच्या आधीच वासावरून ओळखलं. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि डबा घासून परत पाठवला, वर मला सांगितलं, आईला निरोप दे, बरं वाटतंय म्हणून.

खिडकी गणपतीच्या आधीच काडेपेटीएवढी झाली होती. चार-पाच अक्षरं मावायची, ओळ वळायची. आणि गणपतीनंतर दादाच्या कामात चुका वाढल्या. टॅग उघडे राहायचे, शब्दातलं अक्षर शेजारच्या अक्षराच्या जागी पडायचं. मी सकाळी सगळं निस्तरायचे आणि बडबडायचे, "दादा, अरे निदान एकदा वाचत जा लिहून झाल्यावर." तो म्हणायचा, "व्हय, वाचतो."

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी उठले, मॉनिटर लावला, एडिटर उघडला आणि बघतच राहिले. खिडकी अख्ख्या पडद्याभर. या कडेपासून त्या कडेपर्यंत. एकेक ओळ लांबच लांब, पिवळीधमक. एवढी रुंद ती त्याने पहिल्या दिवशीसुद्धा ठेवली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, सांगता येत नाही. नाही सांगता आलं त्यांना! दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता. मी तिथूनच ओरडले, "दादा! खिडकी मोठी केलीस?"

"केली."

"दिसतंय तुला एवढं? खरं सांग, दिसतंय?"

त्याने कप खाली ठेवला. ठेवायच्या आधी हाताने फरशी चाचपली.

"तुझ्यासाठी केली, गो. एवढ्याशा खिडकीत तुझे हाल होतात."

"आणि तू?"

"माझं मधलं पण गेलं."

"कधी?"

"गणपतीच्या आधीच. धुरकट होतं थोडं, मग ते पण गेलं."

"अरे मग हे सगळं... तू रोज बसत होतास ना? लिहीत होतास?"

"बोटांना येतं ना. तू सकाळी चुका काढत व्हतीस, म्हटलं चालतंय तोवर चालवू. काल तो खानावळवाला आला व्हता तू बाजारात गेल्यावर. म्हनला, भलतंच कायतरी छापलंय, तुझ्या नजरंतनं सुटलं असंल, पावन्यांनी फोन करून त्याला वाट्टेल ते विचारलं. लोकांची कामं बिघडवून नाय चालायचं, बाय." मग म्हणाला, "तुझा तो रंगीत हाय ना, तो टाक आता. लय दिवस मागं लागली व्हतीस."

मी नाही म्हटलं. तो ऐकेना. म्हणाला, आज टाक, माझ्यासमोर टाक, मला बरं वाटेल. आत येऊन माझ्या बाजूला बसला. मी सीडी शोधली, घातली, टाकला. कालची फाईल त्यात उघडली. निळे टॅग, काळा मजकूर, आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या चुका जिथे तिथे लाल. पान लालेलाल झालं होतं. वर्षभर भांडून जे मिळालं नव्हतं ते मिळालं, आग लागो त्याला.

"झाला?"

"झाला."

"कसा दिसतोय?"

"चांगला दिसतोय," मी म्हटलं. मी रडतेय ते त्याला ऐकू आलं असावं. माझ्या पाठीवर ठेवायला त्याने हात पुढे केला, आणि तो मॉनिटरच्या काचेला लागला.